हौसाची मूठभर ज्वारी

दुपारी मी दारात बसून गवंडीकामाच्या थापीचा सैल झालेला दांडा ठोकून बसवत होतो, तेव्हा लुदियाबाई आल्या. त्यांनी छत्री मिटून ओट्याला टेकवली, "सलाम, याकोबभाऊ" म्हणाल्या आणि उभ्या उभ्याच पुढं म्हणाल्या, "तुमच्या घरची मूठ पोचली बरं का. परवा मंडळीत तुमचं नाव वाचलं."

माझा हात थांबला.

"कसली मूठ?"

"मुठीचं धान्य हो. दुसरी कसली?"

"मी काही दिलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या खांद्यावरून आत घरात बघितलं. तोंड उघडलं होतं ते मिटलं आणि मग एकदम म्हणाल्या, "जरा पाणी मिळेल का?"

पाणी पिऊन त्या निघून गेल्या. एरवी ही बाई एखाद्या दारात टेकली की घटकाभर हलत नसे. त्या दिवशी छत्रीसुद्धा अर्धी उघडूनच चालायला लागली.

लुदियाबाई वाघचौरे आमच्या मंडळीच्या बायबलबाई होत्या. घरोघर जायचं, बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, आजाऱ्यापाशी बसायचं, हे त्यांचं काम. महिन्याच्या महिन्याला मुठीचं धान्यही त्याच गोळा करायच्या. आमच्या नेवासे तालुक्यातल्या खिस्ती घरांत ही जुनी रीत आहे. स्वयंपाकाला लागण्याआधी घरची बाई एक मूठ धान्य बाजूला काढते. त्यासाठी चुलीशेजारी वेगळं गाडगं असतं. महिनाभरात साठेल ते देवळात जातं, आणि पाळकसाहेब उपासनेच्या शेवटी घरांची नावं वाचतात. ते धान्य पुढं कुणा अडलेल्याच्या घरी जातं. कुणाच्या, ते वाचत नाहीत.

माझी बायको हौसा, तिनं ही मूठ कधी चुकवली नाही. ज्वारी असो, बाजरी असो, दुष्काळात रेशनचा लाल गहू आला तर तोही. बांधकामाच्या परांचीवरून पडून माझा पाय मोडला आणि वर्षभर काम बंद होतं, तेव्हा मी तिला म्हणालो होतो, आता आपल्यालाच कुणी मूठ द्यावी अशी वेळ आहे, थोडे दिवस थांबव. ती म्हणाली, "दुसरं काहीही थांबवते. एवढी नका मोडायला लावू." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पोळ्याच्या आधी ती गेली. पोटात पाणी झालं होतं. नगरच्या दवाखान्यात नेली, परत आणली. मंडळीनं उपास केले. पाळकसाहेबांनी डोक्याला तेल लावून प्रार्थना केली. मी स्वतः गुडघ्यावर बसलो, मोडलेला पाय दुमडत नव्हता तरी बसलो, आणि एकच गोष्ट मागितली. ती मिळाली नाही. मातीच्या दिवशी सगळे गायले. मी गायलो नाही. काही दिवसांनी पाळकसाहेब घरी आले आणि हळू आवाजात म्हणाले की तिच्या आयुष्याबद्दल घरी एक उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवावी. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की उपकार कुणी केलेत ते आधी मला कळू द्या. त्यानंतर मी देवळात गेलो नाही. गाडगं न्हाणीमागं पालथं घातलं. लुदियाबाई पिशवी घेऊन आल्या तेव्हा त्यांना दारातच सांगितलं, या घरची मूठ बंद.

आणि आता त्या सांगत होत्या की माझ्या नावानं मूठ पोचली.

मला संशय आला तो सरळ होता. मासा सुटला की गळाला दुसरं आमिष लावतात, तसं हे लोक करतायत. चार घरचं धान्य एका पिशवीत घालायचं, माझं नाव वाचायचं आणि मग येऊन सांगायचं. माणूस लाजेनं तरी देवळात येईल. दोनच दिवसांनी पाळकसाहेब रस्त्यात भेटले. सायकलवरून उतरून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, फार बरं वाटलं, याकोब. मी हात सोडवून घेतला. माझी खात्रीच झाली.

घरात मी एकटा नव्हतो. हौसाची आई माझ्याकडं होती, कोंडाबाई. मी तिला मामी म्हणायचो. ती खिस्ती नव्हती. हौसाही जन्मानं नव्हती. मी गवंडी, ती माझ्या हाताखाली घमेली उचलायची, तिथं आमचं जमलं आणि ती माझ्या देवळात आली. लग्नाच्या दिवशी मामीनं आपल्या दारात पोरीच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसासाठी करतात तशी. पुढं किती तरी वर्षं आई-लेकीचं बोलणं नव्हतं. आठवडे बाजारात समोरासमोर आल्या तरी मामी दुसऱ्या गल्लीत वळायची. मग म्हातारपण आलं, डोळ्यांत मोतीबिंदू झाला, मुलाच्या घरी सुनेशी पटेना. एका सकाळी बोचकं घेऊन ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. आत ये म्हणेपर्यंत उठली नाही. हौसानं तिला हाताला धरून आत नेलं, आणि ती राहिली. देवळाच्या पायरीवर मात्र तिनं कधी पाय ठेवला नाही. आम्ही प्रार्थनेला बसलो की ती उठून शेळीला पाला घालायची.

हौसा गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. जावई आणि सासू. दोघांना बोलायला एकच माणूस होतं आणि ते गेलं होतं. मी सकाळी कामावर जायचो, ती चाचपत भाकरी करायची. माझी मुलगी पिंपरीहून निरोप पाठवायची की आजीला मामाकडं पाठवा, तुम्हाला झेपणार नाही. मी म्हणायचो, बघू.

ज्वारीची कोठी उतरतेय हे माझ्या ध्यानात आलं ते याच दिवसांत. कोठी पत्र्याची, कमरेइतकी. दोन माणसं पोटभर जेवली तर जेवढी लागावी, तेवढी ती रोज उतरत होती. आणि मामी तर पूर्वीसारखी जेवतही नव्हती. आधी अख्खी भाकरी खायची, आता अर्धी. मी विचारलं तर म्हणाली, "वय झालं. जात नाय." माणूस अर्धं खातं आणि कोठी अख्ख्या जेवणाची उतरते, याचा हिशेब मला लागेना.

पहिला संशय रंगनाथवर गेला. तो मामीचा मुलगा. दर बाजारच्या दिवशी आईला भेटायला यायचा. घरात बसायचा नाही, खिस्त्याच्या घरी पाणी पितो असं गावात कुणी म्हणू नये म्हणून निंबाखाली उभा राहायचा. मामी पदराखाली काहीतरी धरून बाहेर जायची आणि मोकळ्या हातानं परत यायची. एकदा मी वाटेत त्याची सायकल धरली. हँडलला मोठी पिशवी होती. मी म्हणालो, रंगनाथ, जड दिसतेय, बघू काय नेतोस. तो गोंधळला. मी पिशवी उघडली. वांगी होती, आणि वर हिरव्या मिरच्या.

"नेत नाही, दाजी. आणली होती," तो म्हणाला. "तुम्ही घरी नव्हता. आई म्हणाली, मीच देते. मी म्हटलं, दाजींच्या हातात देतो, नाहीतर ती परत माझ्याच पोरांना पाठवती."

"आणि ती तुला काय देते पदराखालून?"

"गूळ. तिच्या चहातला वाचवलेला. पोरांना." तो जरा हसला. "मुंग्या लागलेला असतो. पण काय बोलायचं?"

मी वांगी घेतली. संशय मात्र गेला नाही, नुसती जागा बदलून बसला.

मग मी कोठीलाच खूण करायचं ठरवलं. गवंड्याला दुसरं काय सुचणार? सकाळी दळणाची ज्वारी मी स्वतः काढली. उरलेल्या ज्वारीवर थापी फिरवून ती अशी सपाट केली की पाणसळ लावून बघावी. झाकण लावलं आणि कामाला गेलो. संध्याकाळी परत आलो, झाकण उचललं. ज्वारी सपाट होती. पण ती माझी सपाटी नव्हती. थापीची कड सरळ जाते. इथं अर्धगोल होते, एकापुढं एक, सारवताना हात फिरतो तसे. कुणीतरी ज्वारी काढली होती आणि वरून तळहात फिरवून बेमालूम केली होती. तसा हात आमच्या घरात एकच होता.

मी मामीकडं बघितलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचं तोंड माझ्याकडं होतं, पण तिला माझा आकार तेवढा दिसत असणार.

"काय शोधताय जावईबापू?"

"काही नाही. उंदीर झालेत वाटतं."

"आसत्याल," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

ते "आसत्याल" माझ्या डोक्यात बसलं. चोरी मला तितकी लागली नाही. लपवाछपवी लागली. ज्या घरात मी बायकोसाठी हिला ठेवून घेतली, तिथं ही मला आंधळा समजते. मग मी बाजारच्या दिवसाची वाट बघितली नाही. रंगनाथच्या गावी गेलो आणि त्याला सांगितलं की आईला घेऊन जा. तो आणि त्याची बायको एकमेकांकडं बघत राहिले. घरात पडवीतच जागा होती, तिथं करडं बांधलेली. बायको म्हणाली, करडं हलवू कुठंतरी. रंगनाथ खाली मान घालून म्हणाला की शुक्रवारी येतो. परत येताना मला हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. हौसा असती तर काय म्हणाली असती, हा विचार मी येऊ दिला नाही. ती नव्हती, आणि ती का नव्हती हे मी ज्याला विचारत होतो तो उत्तर देत नव्हता.

मामीला मी काही सांगितलं नाही. शुक्रवारी रंगनाथच सांगेल, असं ठरवलं होतं.

गुरुवारी मी शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर होतो. ओळंबा घरीच राहिला होता, तो न्यायला दुपारी परत आलो. पुढचं दार आतून लावलेलं. दिवसा आमचं दार कधी लावलेलं नसे. मी वळसा घालून मागं गेलो. न्हाणीच्या भिंतीला लुदियाबाईंची छत्री टेकवलेली होती.

मी तिथंच थांबलो. आतून मामीचा आवाज येत होता. "या महिन्याला थोडी कमी हाय. त्यांनी खूण केली व्हती, मंग दोन दिस काढलीच नाय."

"त्यांना सांगून टाका ना, कोंडाबाई. मला हे बरं वाटत नाही."

"सांगितलं तर बंद करत्याल."

मी मागच्या दारात उभा राहिलो. लुदियाबाईंच्या हातात एक कापडी पिशवी होती, हौसाच्या जुन्या लुगड्याची शिवलेली. मामी खाली बसलेली. उजेड अडला तशी तिनं मान वर केली.

"म्हणजे असं आहे तर," मी म्हणालो.

लुदियाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी सावकाश जमिनीवर ठेवली.

"याकोबभाऊ, पहिल्या वेळी मला वाटलं तुम्हीच दिलीत यांच्या हाती. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा कळलं."

"तेव्हा कळलं. मग आज कशाला आलात?"



मी बरंच बोललो. आज ते सगळं आठवत नाही, आणि आठवतं तेवढं लिहिण्यासारखं नाही. म्हाताऱ्या, आंधळ्या बाईला घरात गाठून धान्य काढून घ्यायचं हे कुठल्या शास्त्रात बसतं, असं विचारलं. चोरलेल्या धान्यावर माझं नाव वाचता, हेही बोललो. मग मामीकडं वळलो. तुम्ही देवळाची पायरी कधी चढला नाहीत, आम्ही डोळे मिटले की उठून जायचात, मग हे कशासाठी? बाईंनी काय देऊ केलंय तुम्हाला?

"मला काय देत्याल त्या?" मामी म्हणाली. "दात देत्यात का?"

लुदियाबाईंना अशा वेळीही हसू आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला आलं नाही.

"मामी, मी विचारतोय."

"चोरी नाय केली मी," ती म्हणाली. "माझी अर्धी भाकर व्हती ती. मी खाल्ली नाय ती काढली. तुमची तुमाला रोज अख्खी दिली. मोजा पाहिजे तर."

"पण का?"

ती जमीन चाचपू लागली. पिशवी हाताला लागली तशी तिनं ती मांडीवर ओढून घेतली.

"मी रोज चुलीम्होरं बसायचे," ती सांगू लागली. "हौसा सैपाकाला लागली की आधी कोठीचं झाकण वाजायचं. मंग गाडग्यात ज्वारी पडायची. रोज. दिसायचं नाय मला, आवाज कळायचा. एकदा म्हटलं, आगं, रोज कुणाच्या नावानं काढतीस? तुझ्या देवाचं पोट तरी केवढं? तर हसली. म्हणली, आधी तुझ्या नावानं काढीत व्हते."

मी दाराच्या चौकटीला हात लावला.

"मी म्हटलं, माझ्या? म्हणली, व्हय. तू माझ्या नावानं आंघोळ केलीस ना, त्याच दिवशी संध्याकाळी पहिली मूठ काढली. देवाला म्हटलं, माझ्या आईला एकदा माझ्या दारात येऊ दे. तवापासून काढते."

"मला कधी बोलली नाही ती," मी म्हणालो.

"तुमाला कशाला बोलंल? तुमी माझ्यावर आधीच डूख धरलेला. मी म्हटलं, आता तर मी आले. दारातच काय, चुलीपाशी बसले. आता का काढतीस? तर म्हणली," आणि इथं मामी थांबली, तिला पुढचं नीट जसंच्या तसं सांगायचं होतं, "म्हणली, आता तू आलीस म्हणून काढते."

लुदियाबाई खाली बसल्या. बाहेर शेळी ओरडत होती. तिला कुणी पाला घातला नव्हता.

माझं काम बंद होतं ते वर्ष माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी खाटेवर पडलेलो. कोठी रिकामी होत आलेली, आणि तरी रोज गाडग्यात मूठ पडायची. मी भिंतीकडं तोंड करून ऐकायचो आणि मनात म्हणायचो की ही देवळाला देते आणि आपण उपाशी. तेव्हा मामी बाजारात हिला बघून गल्ली बदलत होती. हौसा ती मूठ देवळाला देत नव्हती. आईला घरी बोलवत होती.

"पण आता ती गेली, मामी," मी म्हणालो. "मी मागितली होती तिला. नाही दिली त्यानं. मग आता कशाची मूठ?"

"ती गेली," मामी म्हणाली. "पण मी आले व्हते ते खोटं पडलं का?"

मी चौकटीवरचा हात काढला.

"तुमी तुमच्या देवाशी बोलत नाय, ते मला ठावं हाय. ते तुमचं तुमी बघा. मी तर त्याला वळखतबी नाय. पण तिनं एक मागितलं आन त्यानं दिलं. मी हितं बसलेय ना. दिलेलं म्हंजे मीच की." तिनं पिशवी लुदियाबाईंच्या दिशेनं सरकवली, अंदाजानं, जरा चुकीच्या बाजूला. "जित्या पोरीच्या नावानं मी आंघोळ केली. ती मेली तवा रडायला मला तोंड नव्हतं. तुमी सगळी रडला. मी शेळीपाशी जाऊन बसले. मला तिचं गाणं येत नाय, शास्तर येत नाय. मूठ काढाया येती. म्हणून काढते."

लुदियाबाईंनी पिशवी उचलली नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी हो म्हणेपर्यंत त्या उचलणार नाहीत हे मला दिसत होतं. मी खाली वाकलो, पिशवी घेतली आणि त्यांच्या हातात दिली. फार हलकी होती.

"आता नाव कोंडाबाईंचं वाचायला सांगू का पाळकसाहेबांना?" त्यांनी विचारलं.

"नगं," मामीच घाईनं म्हणाली. "रंगनाथच्या कानावर गेलं तर म्हणंल, आई बाटली. यांचंच वाचा. घर यांचं हाय."

लुदियाबाई गेल्या. मी भिंतीवर परत गेलो नाही. ओळंबा खुंटीवर तसाच राहिला आणि माझ्या जोडीदारानं त्या दिवशी दोन थर वाकडे चढवले, ते नंतर पाडावे लागले.

रंगनाथ शुक्रवारी आला. बैलगाडी आणली होती, आत गोधडी अंथरलेली. मी त्याला निंबाखालीच गाठलं आणि म्हणालो, गाडी रिकामी ने. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. पुन्हा काही बिनसलं का, असं त्याला वाटलं असणार. मी म्हणालो, काही बिनसलं नाही, मामी इथं राहतील. त्यानं विचारलं, किती दिवस? मी म्हणालो, त्यांना विचार. तो पहिल्यांदा आमच्या ओट्यावर चढला, पण आत आला नाही. आईनं त्याला गूळ दिला.

ती पुढं बरीच वर्षं माझ्याकडं राहिली. देवळात कधी आली नाही, मीही कधी चला म्हणालो नाही. ती गेली तेव्हा रंगनाथनं तिला तिच्या गावी नेली आणि त्यांच्या रीतीनं सगळं केलं. मी खांदा दिला. कुणी अडवलं नाही.

पण ते पुढचं. मला सांगायचंय ते त्या गुरुवारच्या संध्याकाळचं. गाडी यायची होती, रंगनाथला परत पाठवायचं अजून माझ्या मनात पक्कं झालेलं नव्हतं. दिवस मावळायला आला होता. मामीनं चूल पेटवली आणि परात पुढं ओढली. मी कोठीपाशी गेलो, झाकण काढलं. ती ऐकत होती, मला कळत होतं. मी हात घातला. आयुष्यभर चुना आणि सिमेंट धरलेला हात, त्यात ज्वारी नीट राहत नव्हती, बोटांच्या फटीतून गळत होती. हौसाची पिशवी लुदियाबाईंनी नेली होती, म्हणून मी एका ताटलीत मूठ टाकली.

"कुणाच्या नावानं?" मामीनं चुलीकडं तोंड ठेवूनच विचारलं.

मी हाताला चिकटलेले दाणे ताटलीत झटकले.

"तुम्ही आलात म्हणून," मी म्हणालो.

तिनं फुंकणी तोंडाला लावली, जाळ धरेपर्यंत फुंकलं, मग खाली ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "मंग खडं निवडून टाका. तुमची मूठ मोठी, खडंबी जास्त आलं आसत्याल. कुणाच्या तरी दाताखाली जायचं."

मी ताटली घेऊन दारात उजेडाला बसलो आणि निवडायला लागलो. खडे होतेच. निवडता निवडता हौसा जेवणाआधी म्हणायची ती प्रार्थना ओठांवर आली. इतके महिने ती आली की मी आत ढकलत होतो. त्या दिवशी ढकलली नाही, नुसते ओठ हलवत राहिलो.

"मोठ्यानं म्हणा की," आतून मामी म्हणाली. "ती मोठ्यानं म्हणायची."

मी मोठ्यानं म्हणालो. मामी उठून बाहेर गेली नाही.